पोटॅश वाहणारी ट्रॉली आणि रस्ट कन्व्हर्टर: वापरून झाल्यावरचं मत

निकाल आधी सांगून टाकतो. रंगाच्या दुकानात हल्ली ‘रस्ट कन्व्हर्टर’ (गंजावर मारायचं औषध) म्हणून जी बाटली मिळते ती कामाची आहे, पण दुकानदार ज्या कामासाठी ती गळ्यात मारतात त्या कामाची नाही. “घासायची कटकटच नाही भाऊ, गंजावर मारा, वरून रंग द्या, पाच वर्षं बघायला नको,” हे मी एकाहून जास्त काउंटरवर ऐकलंय. घासावं लागतंच. किती घासायचं आणि त्यानंतर बाटली नेमकी कुठे कामाला येते, तेवढं इथे लिहितो.

मी रावेर तालुक्यातला, केळीवाला. बाटली वापरली ती ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर, शेताच्या गेटवर आणि विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीच्या दारावर. तिन्ही ठिकाणचा गंज वेगळा होता, त्यामुळे मत द्यायला हरकत नाही. कंपनीचं नाव देत नाही. ही वस्तू नाव बघून घ्यायची नाहीच, लेबलावर बारीक अक्षरात आत काय आहे ते लिहिलेलं असतं ते वाचून घ्यायची.

कारण बाजारात एकाच नावाखाली दोन जाती विकल्या जातात. एक पाण्यासारखी पातळ, तिच्यात फॉस्फोरिक ॲसिड असतं. ती गंज विरघळवते आणि लोखंडावर राखाडी फॉस्फेटचा थर धरते. दुसरी दुधासारखी पांढरी, थोडी दाट, तिच्यात टॅनिक ॲसिड आणि वर पापुद्रा धरणारं पॉलिमर. टॅनिन म्हणजे बाभळीच्या सालीत, हिरड्यात असतं तेच. जुनी माणसं हिरडा आणि हिराकस (लोहाचा क्षार) मिसळून काळी शाई करायची, त्या शाईत जे घडतं तेच या बाटलीत घडतं: लोह आणि टॅनिन एकत्र आले की निळसर काळं होतं आणि ते पाण्यात विरघळत नाही. पातळ बाटली नटबोल्ट, बिजागरी, अवजाराचे सुटे भाग अशा बुडवून ठेवता येणाऱ्या गोष्टींना बरी. उभ्या पत्र्यावर ती ओघळून जाते, आणि जास्तीची राहिली तर चिकट होते किंवा पांढरी भुकटी धरते. मग लेबलावर असेल तसं धुवा, लगेच कोरडं करा, नाहीतर ओला पत्रा बघता बघता पुन्हा तांबूस पडतो. मोठ्या कामाला मी दुधाळ वापरली आणि पुढचं बहुतेक तिच्याबद्दलच आहे.

ट्रॉलीच्या फाळक्यावर, म्हणजे मागच्या उघडणाऱ्या झडपेवर, पहिला हात मारला तेव्हाचं सांगतो. फाळका खाली उतरवून दोन विटांवर आडवा ठेवला होता. ब्रश फिरवला तेव्हा पांढरं, क्षणभर चुना मारल्यासारखं. मग जिथे गंज होता तिथे कडेकडेनं जांभळट छटा यायला लागली, ती गडद होत गेली आणि चहा पिऊन येईपर्यंत शाईसारखा काळा डाग. जिथे लोखंड घासून उघडं पडलं होतं तिथे मात्र ते काळं झालंच नाही, नुसतं करडं वाळलं. म्हणजे बाटलीला काम करायला गंज लागतो. चकचकीत लोखंडावर ती मारणं म्हणजे पैसे ओतणं. आणि जिथे गंजाची जाड खपली होती तिथे वरची खपली काळी झाली, स्क्रूड्रायव्हरचं टोक घालून ती उचकटली तर खाली तांबडी भुकटी जशीच्या तशी. औषध तिथपर्यंत पोचलंच नव्हतं. ‘घासायची गरज नाही’ या वाक्याचा निकाल त्या एका खपलीखाली लागतो.

त्यामुळे घासणं. आमचा वेल्डिंगवाला मिस्त्री मला म्हणाला, “कायले इतका घासतो भो, रंगाखाली काय दिसतं?” दिसत नाही हे खरं, पण गंज लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो. रंगाखाली तो वाढत राहिला की रंग आतून उचलला जातो आणि पोपडे निघतात. मी क्रम असा धरला: आधी हातोडीनं हलकेच ठोकून आणि पटाशीनं खरवडून जाड खपल्या पाडायच्या, मग ग्राइंडरला कप ब्रश (वाटीच्या आकाराचा तारेचा ब्रश), मग 80 नंबरचा पॉलिश पेपर. कप ब्रशचं एक नाटक लक्षात ठेवा. तो गंज काढतो तसा गंजाला पॉलिशही करतो. तपकिरी, गुळगुळीत, चकाकणारा पत्रा दिसला की माणूस खूश होतो, पण ती चमक गंजाचीच असते आणि त्यावर ना औषध मुरतं ना प्रायमर, म्हणजे रंगाखालचं अस्तर, पकडतो. म्हणून शेवटी हातानं पेपर मारून पत्रा खरखरीत करायचाच. ब्रश घेताना त्याच्यावर छापलेला आरपीएम ग्राइंडरच्या आरपीएमपेक्षा जास्त आहे ना हे बघा. आणि चष्मा घाला. त्या ब्रशची तार सुटते ती सुईसारखी येते, माझ्या जाड शर्टात घुसलेली मी स्वतः काढली आहे.

सगळा गंज निघत नाही, काढायच्या भानगडीत पडूही नये. पत्र्यात बारीक खड्डे पडलेले असतात, त्यांच्या तळाशी ब्रश पोचत नाही, आणि तेवढं पोचेपर्यंत ग्राइंडर मारला तर पत्राच पातळ होतो. या खड्ड्यांतल्या घट्ट बसलेल्या गंजासाठी ही बाटली आहे. तिथे तिला मी पूर्ण मार्क देतो.

ट्रॉलीचा तळ मात्र वेगळंच प्रकरण निघालं. केळीला पोटॅश किती लागतं हे आपल्या भागात कुणाला सांगायला नको. म्युरेट ऑफ पोटॅश म्हणजे पोटॅशियम क्लोराइड, मिठाचा चुलतभाऊच. फाटक्या गोणीतून ते सांडतं, पावसाळी हवेत ओल ओढतं आणि त्यातलं क्लोराइड पत्र्याच्या खड्ड्यांत जाऊन बसतं. तळ घासून झाल्यावर वरून झकास दिसतो. तसाच रात्रभर उघडा ठेवला की सकाळी ठिपके उमटतात, शिंतोडे उडाल्यासारखे, आणि नेमके गोण्या ठेवायच्या जागेवर दाट. जिथे ठिपका तिथे खड्ड्यात क्षार शिल्लक. यावर कन्व्हर्टर मारला तर तो काळा होतो, सगळं छान दिसतं, पण क्षार कुठे जात नाही. तो रंगाच्या थरातून ओल ओढत राहतो, फोड येतात, आणि फोड फोडला की आतून तांबूस पाणी. बाटलीच्या लेबलावर तेल-धूळ पुसा असं लिहिलेलं होतं, क्षार धुवा असं नव्हतं. खत वाहणाऱ्या ट्रॉल्या, फवारणीच्या टाकीचे स्टँड, खताच्या गोदामाचं शटर, या सगळ्यांना हे लागू आहे.

उपाय साधा आणि कंटाळवाणा. गाडी धुवायच्या प्रेशर पंपानं तळ धुवायचा, ओल्यातच तारेचा ब्रश मारायचा, पुन्हा धुवायचा. आमच्या बोअरचं पाणी जड आहे, बादलीला पांढरा थर धरणारं, म्हणून शेवटचं पाणी मी आरओच्या जारचं वापरलं. घरच्यांनी कपाळाला हात लावला, पिण्याच्या पाण्यानं ट्रॉली धुतो म्हणून. धुतल्यावर पत्रा पटकन वाळवून, जो हलका तांबूसपणा येतो तो पेपरनं काढून, मग औषध. ठिपके पुन्हा उमटले तर पुन्हा धुणं. तळाच्या मागच्या कोपऱ्यात मला परत धुवावं लागलं.

आता ज्यांच्याकडे ठिबक आहे त्यांच्या मनात प्रश्न आला असेलच: ठिबकमधून सोडायला आणलेला फॉस्फोरिक ॲसिडचा कॅन घरात पडलेलाच आहे, मग बाटली कशाला? ॲसिड तेच आहे, गंज काढतंही. पण कॅनमधलं कडक असतं, 85 टक्क्यांपर्यंतचं, तसंच ओतायचं नाही. पाण्यात ॲसिड घालून पातळ करायचं, ॲसिडमध्ये पाणी कधीच नाही. रबरी हातमोजे, चष्मा. मी ते फक्त नटबोल्ट आणि बिजागऱ्या प्लास्टिकच्या बादलीत बुडवायला वापरलं, उत्तम काम झालं. मोठ्या पत्र्यावर नको. आणि ठिबकच्या नळ्या धुवायला जे हायड्रोक्लोरिक आणतात, किंवा फरशी-संडास साफ करायचं ते धुराचं ॲसिड, ते लोखंडाला रंग द्यायच्या आधी अजिबात नको. गंज झटक्यात जातो, बघायला गंमत वाटते, पण मागे राहतं क्लोराइड. जो क्षार धुवायला आपण जारचं पाणी घातलं तोच पुन्हा आपल्या हातानं आणून ठेवायचा.

डिझेलच्या फडक्याबद्दलही दोन शब्द. गंज घासला की डिझेल किंवा रॉकेलच्या बोळ्यानं पुसायची इथल्या पेंटर लोकांना सवय आहे, कारण पुसल्यावर पत्रा गडद आणि एकसारखा दिसतो. तो तेलाचा थर असतो. तेलावर पाण्याचं कन्व्हर्टर फाटतं, थेंब थेंब होऊन बसतं. डब्ल्यूडी-40 या फवाऱ्याचंही तसंच. नावातच (वॉटर डिस्प्लेसमेंट) पाणी हटवणं आहे, अमेरिकेत 1953 साली तेवढ्यासाठीच ते बनवलं गेलं. जाम झालेला बोल्ट सोडवायला त्याच्यासारखं काही नाही, पण जिथे रंग द्यायचा तिथे फवारलं असेल तर थिनरनं नीट पुसून काढल्याशिवाय पुढे जाऊ नका. जळकं ऑइल मात्र मी नांगराच्या फाळाला आणि रोटाव्हेटरच्या पात्यांना दरवर्षी लावतो. त्यांना रंग द्यायचाच नसतो, मातीत गेले की रंग राहतो कुठे? तिथे ऑइलच बरं.

उन्हाचं काय ते आता. आखाजीच्या (अक्षय तृतीयेच्या) सुमारास आपल्याकडे पारा 45 च्या आसपास खेळतो आणि उन्हातल्या पत्र्यावर हात ठेववत नाही. अशा पत्र्यावर दुधाळ औषध मारलं तर पाणी आधीच उडून जातं, गंजाशी भिडायला वेळच मिळत नाही, वर नुसता पापुद्रा धरतो आणि तो नखानं निघतो. मोटारीच्या खोलीचं दार पश्चिमेला आहे. तिथे मी पहाटे काम केलं आणि ऊन वर यायच्या आत थांबलो, तरी खालच्या भागात ब्रश ओढल्यासारखा चालत होता. पावसाळ्यात दुसरं टोक. हवेत ओल 85 टक्क्यांच्या वर असेल तर लोखंडाला रंग देऊ नये, आणि पत्रा दवबिंदूपेक्षा (ज्या तापमानाला हवेतली ओल दव होऊन बसते त्यापेक्षा) निदान 3 अंश गरम असावा, असा रंगकामातला नियम आहे. दवबिंदू मोजत बसणारे आपण नाही. ओलं फडकं पत्र्यावर एकदा फिरवायचं, ओल दहा-पंधरा मिनिटांत उडाली तर डबा उघडायचा, नाही उडाली तर दुसरं काम बघायचं. दिवाळी ते होळी हा आपल्याकडचा चांगला काळ, फक्त सकाळी घाई करू नका, कडाक्याच्या थंडीत पत्रा दवानं बऱ्याच वेळ ओला असतो.

प्रायमर. दुधाळ बाटलीवर ‘प्रायमरची गरज नाही’ असं लिहिलेलं असलं तरी मी रेड ऑक्साइडचा एक हात दिलाच, कारण बाटलीचा पापुद्रा फक्त गंज होता तिथेच नीट धरतो, उघड्या लोखंडावर त्याचा भरवसा नाही. डब्यावर आयएस 2074 हा भारतीय मानकाचा नंबर छापलेला आहे का ते बघा. त्या जातीच्या प्रायमरमध्ये झिंक क्रोमेट असतं, गंज रोखायला ते चांगलं पण क्रोमियमचा हा प्रकार कॅन्सर करणारा आहे, म्हणून वाळलेला थर कोरडा घासून त्याची धूळ नाकातोंडात घेऊ नका. झिंक फॉस्फेटचे प्रायमर हल्ली मिळतात, मिळाला तर तो घ्या. टू-पॅक इपॉक्सी (दोन डबे मिसळून लावायचा रंग) वापरणार असाल तर रंगाच्या डब्यावर कन्व्हर्टर चालतो का ते आधी वाचा, काही कंपन्या नको म्हणतात. जुन्या घराच्या खिडक्यांचे गज असतील तर आणखी सावध, जुन्या रंगात शिसं असू शकतं. घरगुती रंगातल्या शिशाला 90 पीपीएमची (दहा लाखात 90 भाग) मर्यादा आपल्याकडे 2017 पासून लागू झाली, त्याच्या आधीचे थर पाणी लावूनच घासा, आणि लेकरं जवळ नकोत.

आणि ते लाल गेट! प्रत्येक गावात दोन-चार असतात. वर्कशॉपमधून रेड ऑक्साइडचा एक पातळ हात मारून गेट येतं, मालक म्हणतो रंग लग्नाला देऊ, मग लग्न पुढे जातं आणि गेट दोन पावसाळे तसंच उभं. रेड ऑक्साइड हे अस्तर आहे, त्यातून पाणी आत जातं. वर एनॅमलचे दोन हात नसतील तर लाल रंगाखाली लाल गंज धरतो आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. माझ्या शेताचं गेट तसलंच, आधीच्या मालकानं बसवलेलं. तिथे लाल थर पूर्ण काढावा लागला, कारण कन्व्हर्टर प्रायमरवर काही करत नाही, त्याला गंज दिसायला हवा.

मोटारीच्या खोलीचं छप्पर जीआय पत्र्याचं आहे, त्यावर मी ही बाटली मारली नाही, तुम्हीही मारू नका. तिथे वर जस्त आहे, लोखंड नाही. पांढरी भुकटी दिसते ती जस्ताची. साधा एनॅमल थेट जस्तावर दिला तर काही काळानं सालपटासारखा निघतो, त्याला एच (etch) प्रायमर, म्हणजे जस्ताला पकडणारं अस्तर, वेगळा मिळतो.

पैशाचं बोलायचं तर बाटली स्वस्त नाही, लिटरमागे रेड ऑक्साइडपेक्षा जास्तच जातात. पण पातळ हातात ती पुष्कळ पुरते. एका लिटरात माझा ट्रॉलीचा तळ आणि फाळका दोन हातांनी निघाला, वर गेटपुरतं उरलं. अख्खी ट्रॉली सडलेली असेल तर मात्र बाटलीच्या नादी लागू नका. जळगावला एमआयडीसीत ब्लास्टिंगचं विचारा. खडे मारून लोखंड पांढरं करतात, त्या लोकांच्या भाषेत एसए अडीच, त्यावर थेट प्रायमर. रेतीनं ब्लास्टिंग करणारा असेल तर नको म्हणा, त्या धुळीनं कामगारांच्या छातीची वाट लागते. ग्रिट वापरणारे शोधा.

एक पावसाळा गेला, त्यानंतरची स्थिती अशी. फाळका जसाच्या तसा, एक फोड नाही. तळ मधोमध उत्तम, मागच्या कोपऱ्यात नखाएवढे दोन फोड आले, म्हणजे तिथलं धुणं अजून कमी पडलं. मोटारीच्या खोलीच्या दाराचा वरचा भाग चांगला, पण खालच्या पट्टीतून तांबडा ओघळ परत सुरू. ती पट्टी दारावर टाक्या-टाक्यानं वेल्ड केलेली आहे, सलग नाही. पट्टी आणि पत्रा यांच्या फटीत पाणी जातं, तिथे ब्रश जात नाही, बाटली जात नाही, रंगही जात नाही. गेटच्या खालच्या पाइपाचीही तीच रड, तो आतून गंजतोय आणि आत पोचायला वाटच नाही. पाइपाला मिस्त्रीकडून खाली दोन भोकं पाडून घेतली, भोक पडताच कपभर काळं पाणी बाहेर आलं. दाराची पट्टी काढून नवीन सलग वेल्ड मारून घ्यायची आहे, तोपर्यंत तिथे बाटली संपवणार नाही.

उरलेली बाटली ठेवण्याबद्दल एक सूचना, लेबलावर सापडली नाही म्हणून सांगतो. ब्रश थेट बाटलीत बुडवू नका आणि वाटीत काढलेलं उरलं तर परत ओतू नका. ब्रशला लागलेल्या गंजानं आतलं औषध हळूहळू काळं पडतं आणि गोळे धरतं. लागेल तेवढंच प्लास्टिकच्या वाटीत घ्या, लोखंडी डब्यात नको, आणि झाकण लावून सावलीत ठेवा. पत्र्याच्या खोलीत मे महिन्यात ठेवलीत तर नंतर उघडून बघायची तसदी घेऊ नका.